चर्चेसाठी परत

पडद्यावर आपली सही दिसली तेव्हा भुजंगरावांच्या तोंडात मद्दूर वडा होता. चावणं थांबलं. सही म्हणजे काही पूर्ण नाव नव्हतं, कन्नडातलं एक आद्याक्षर आणि त्याच्याखाली उजवीकडे ओढलेली वळवळती शेपूट. चौतीस वर्षांच्या नोकरीत काही लाख वेळा तरी काढलेली. ऑफिसातला मित्र सुब्बराव तिला नाग म्हणायचा. 'आज किती नाग सोडलेस?' असं डबा उघडता उघडता विचारायचा. हॉलमधले दिवे मंद केले होते, पाच राज्यांचे चाळीसेक अधिकारी पडद्याकडे बघत होते, आणि तो नाग चार हात लांब होऊन भिंतीवर पसरला होता. त्याच्यावर एकच शब्द, 'चर्चिसि'. चर्चा करा. हस्ताक्षर सुरेख होतं, त्यात वाद नाही. भुजंगरावांना आधी आनंदच झाला, जुन्या ग्रुप फोटोत आपला चेहरा सापडल्यावर होतो तसा. मग पडद्याशेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "ही फाइल या एका शब्दापाशी तीन वर्षं दोन महिने थांबली," आणि वडा गिळायला त्यांना पाणी लागलं.

तिला मुलगी म्हणणं चुकीचं होतं. जयवंती महाराष्ट्र सरकारची उपसचिव होती आणि पस्तिशी ओलांडलेली होती. पण निवृत्तीला सहा वर्षं झाल्यापासून भुजंगरावांना चाळिशीच्या आतली सगळीच माणसं शाळेतून नुकती सुटल्यासारखी वाटत. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, केरळ आणि तामिळनाडू या पाच सरकारांनी मिळून कागद हलवण्याची रीत सुधारायची ठरवली होती, आणि त्यासाठी ही सगळी मंडळी दोन दिवस म्हैसूरच्या प्रशिक्षण संस्थेत जमली होती. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात चालावा, आठ सह्यांच्या जागी तीन याव्यात, अर्ज कुठे अडला ते अर्जदाराला कळावं, अशी बावीस कलमं मसुद्यात होती. त्यातली एकवीस कुणाला झोंबली नाहीत. चौदावं झोंबलं. नुसतं 'चर्चा करा' असं लिहून कोणतीही फाइल खाली परत पाठवू नये, काय विचारायचं असेल ते लिहून विचारावं, एवढंच ते कलम होतं. पाचही सरकारांच्या भाषा वेगळ्या, पण हा शेरा प्रत्येकाकडे होता आणि प्रत्येकाला तो आपल्याच घरचा वाटत होता. महाराष्ट्र आणि केरळ कलमाच्या बाजूने होते. कर्नाटक आणि तामिळनाडू विरुद्ध होते. गोव्याचे दोघे सभ्य गृहस्थ दोन्हीकडे मान डोलवत होते. उद्या सकाळी काय ते ठरायचं होतं, आणि ते ठरण्याआधी भुजंगरावांनी दहा मिनिटं बोलायचं होतं.

कर्नाटकच्या बाजूचा प्रमुख शिवप्रसाद एके काळी त्यांच्या हाताखाली टिप्पणी लिहायला शिकला होता. तो स्वतः जयलक्ष्मीपुरमला त्यांच्या घरी आला, कॉफी प्यायला आणि म्हणाला, "सार, या शब्दाच्या बाजूनं तुमच्यासारखं कोण बोलणार? चर्चा म्हणजे माणुसकी, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं, अल्वा, हो ना?" शिकवलं होतं, हे खरंच. भुजंगरावांचा त्यावर विश्वासही होता. लिहून विचारलेला प्रश्न खालच्या माणसाला कायमचा चिकटतो, त्याच्या सेवापुस्तकापर्यंत त्याचा वास जातो; बोलून विचारलेला प्रश्न टेबलावरच विरतो. शिवाय माणसाची अडचण काही समासात मावत नाही. हे सगळं त्यांनी एका वहीत मुद्देसूद लिहून काढलं होतं आणि पत्नी वनजाबाईंना दोनदा वाचून दाखवलं होतं. वनजाबाईंनी पहिल्यांदा ऐकलं, दुसऱ्यांदा शर्टाला इस्त्री केली. भाषणाचा शेवट एका वाक्याने होणार होता, जे त्यांनी स्वतःच्या निरोप समारंभातही म्हटलं होतं आणि तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. माझ्या टेबलावर फाइल कधी झोपली नाही.

आता ते पडद्याकडे बघत होते आणि हिशेबी मनाने तारखा लावत होते. फाइल ज्या दिवशी आली त्याच दिवशी नाग सोडला होता. म्हणजे वाक्य खोटं नव्हतं. त्यांच्या टेबलावर ती एक दुपारसुद्धा राहिली नाही. ती झोपली खाली, केस वर्करच्या, म्हणजे टिप्पणी लिहिणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर, आणि तो केस वर्कर सुब्बराव होता. हा दिलासा त्यांना जेमतेम मिनिटभर पुरला. जयवंतीने नावांवर काळ्या पट्ट्या लावल्या होत्या, पण अर्जातली एक ओळ तशीच राहिली होती. पती कडकोळ येथील कारखान्यात कामास असून, तीन वर्षांची मुलगी आईकडे ठेवावी लागत आहे. कोळ्ळेगालच्या पलीकडच्या शाखेतली टायपिस्ट, कडकोळच्या शाखेत बदली मागणारी. ती ओळ वाचली आणि भुजंगरावांना बाई आठवली, अगदी साडीच्या पोपटी काठासकट. कमलाक्षी.

तिला ते विसरले नव्हतेच. उलट गेली वीस-बावीस वर्षं घरात तिची गोष्ट चालू होती, फक्त तिचं नाव त्यात नसायचं. एक बाई दुपारी दोनच्या उन्हात, तीन तासांचा बस प्रवास करून ऑफिसात आली. दाराशी उभी राहिली. बाकीचे मान वर करीनात. भुजंगराव उठले, स्वतः खुर्ची ओढून दिली, कॅन्टीनमधून कॉफी मागवली आणि म्हणाले, 'फाइल चर्चेत आहे, अम्मा. होईल. काळजी करू नका.' बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नातेवाईक जमले, सरकारी ऑफिसांना नावं ठेवणं सुरू झालं की भुजंगराव ही गोष्ट काढायचे. वनजाबाई आत जाऊन कुकर लावायच्या, कारण गोष्ट संपायला दोन शिट्या लागत. सरकार म्हणजे काय, तर ती खुर्ची, असं ते शेवटी म्हणत. आता पडद्यावरची तारीख आणि ती दुपार शेजारी शेजारी येऊन बसली. बाई आली तेव्हा फाइलवर नाग सोडून चार महिने झाले होते. ती गेल्यावर फाइल आणखी दोन वर्षं दहा महिने पडून राहिली होती. खुर्चीच्या गोष्टीला पुढचा भाग होता आणि तो त्यांना इतकी वर्षं कुणी सांगितला नव्हता, म्हणजे त्यांनीच विचारला नव्हता.

सत्र संपल्यावर व्हरांड्यात जयवंती त्यांच्याकडे कप घेऊन आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की हे गृहस्थ मराठी आहेत. "इकडे कसे काय?" तिने विचारलं. या प्रश्नाचं उत्तर भुजंगराव आवडीने देत. पाच पिढ्यांपूर्वी घोड्यावर बसून आलो, महाराजांच्या फौजेत, घोडा गेला, आम्ही राहिलो. ती हसली. तिचं मराठी धुतलेल्या कपासारखं होतं; त्यांच्या मराठीत दर चौथ्या शब्दाला कन्नड डोकावत असे आणि अशा वेळी त्यांना थोडं लाजल्यासारखं होई. "उद्या तुम्ही त्या शेऱ्याच्या बाजूनं बोलणार ना?" ती म्हणाली. "मला खरंच ऐकायचंय. दोनशे फाइली पाहिल्या मी. आजची ती फाइल मी शेवटी ठेवली, कारण तिच्यात कुणी वाईटच दिसत नाही. कुणी खोडा घातलेला नाही, कुणाची तक्रार नाही. नुसती थांबली." भुजंगराव म्हणाले, "हौदु." मग ते कन्नड झालं हे लक्षात येऊन म्हणाले, "होय, होय. मत्ते, म्हणजे आणखी एक, त्या फाइलची एक झेरॉक्स मिळेल काय मला?" तिने पर्समधून लगेच काढून दिली. सही कुणाची हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांना सुब्बराव आठवत राहिला. सुब्बरावचं घराणंही मराठीच, कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. त्याच्या आजोबांचे हात कोपरापर्यंत निळे असत आणि लहानपणी भुजंगरावांना वाटे की ते देवाचे हात आहेत. दोघे एका शाळेत, एका बाकावर, आणि योगायोगाने एका ऑफिसात. पहिली नऊ वर्षं टेबलं शेजारी शेजारी होती. मग भुजंगरावांना बढती मिळाली, काचेची केबिन मिळाली, आणि सुब्बराव बाहेरच राहिला. परीक्षेत तो एका पेपरात गेला होता, आणि पुन्हा बसायचं त्याने नाकारलं होतं. बढतीनंतरच्या पहिल्या सोमवारी तो एक फाइल घेऊन केबिनमध्ये आला. नियमाप्रमाणे उभा राहिला आणि नियमाप्रमाणे 'सार' म्हणाला. भुजंगरावांना त्या शब्दाने कानशिलात बसल्यासारखं झालं. 'बस की रे,' ते म्हणाले, पण बाहेरून सगळं ऑफिस काचेतून बघत होतं आणि सुब्बराव बसला नाही. त्या दुपारी डबा खाताना दोघांत एक करार झाला. कोण आधी बोललं आठवत नाही. डब्यावर फाइल काढायची नाही. फाइल कन्नडात, केबिनमध्ये, सार म्हणून; डबा मराठीत, चिंचेच्या झाडाखालच्या बाकावर, अरे-तुरेत. चपाती, चटणीपुडी, सुब्बरावच्या घरचा मोसरन्न म्हणजे दहीभात, पोरांच्या शाळा, गुडघे, सिनेमे. किती सुखाची होती ती अर्ध्या तासाची सुट्टी. तेवीस वर्षं ते दोघे त्या बाकावर जेवले आणि करार एकदाही मोडला नाही, याचाही त्यांना अभिमान होता. आज पहिल्यांदाच त्या अभिमानातला खडा दाताखाली आला.

हिनकलच्या स्टॉपवर ते उतरले. जयलक्ष्मीपुरम मागेच गेलं होतं, वनजाबाईंना त्यांनी फोनवर सांगितलं की सुब्बाकडे जाऊन येतो, आणि त्या म्हणाल्या, "अहो, मग जेवूनच याल." सुब्बराव अंगणात मिरचीच्या कुंड्यांना पाणी घालत होता. त्याने पाईप बंद केला नाही, नुसती मान हलवली. भुजंगराव कट्ट्यावर बसले आणि झेरॉक्स त्याच्यासमोर धरली. सुब्बरावने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"नाग आहे की रे तुझा," तो म्हणाला.

"फाइल आठवते?"

"आठवायला काय? टायपिस्टची. डाव्या खणात, वरून तिसरी." पाणी एका कुंडीतून वाहून जायला लागलं तेव्हा त्याने पाईप दुसरीत टाकला. "रोज दिसायची."

"मग आला का नाहीस चर्चेला?"

"तू का नाही बोलावलंस?"

रस्त्यावरून हुणसूरची बस गेली. भुजंगरावांना उत्तर माहीत होतं. ते त्यांनी या वेळी सांगितलं. "तुला उभं करायचं नव्हतं, सुब्बा. बोलावलं की तू येणार, उभा राहणार, सार म्हणणार. मला ते बघवत नव्हतं. म्हटलं, येईल आपला आपण कधीतरी."

"मी म्हटलं, हा एक दिवस डब्यावर काढेल विषय," सुब्बराव म्हणाला. "ज्या फाइलसाठी कुणी ओरडायचं, ती घेऊन यायचो की मी. आलोय की नाही? नाक मुठीत धरून आलोय. हिच्यासाठी कुणी ओरडलंच नाही. सुम्ने, उगीच पडून राहिली." त्याने पाईप खाली ठेवला आणि अंगठ्याने चष्म्याची काच पुसली. "वर नवीन साहेब आला, त्यानं सगळ्यांचे खण उघडले, एका दिवसात साठ फाइली काढल्या, तेव्हा गेली ती. पण काय विचारायचं होतं रे तुला? ते मला अजून माहीत नाही."

भुजंगराव म्हणाले, "कडकोळच्या शाखेत टायपिस्टची जागा रिकामी आहे काय, एवढंच."

"होती की," सुब्बराव म्हणाला. "पहिल्या दिवसापासून रिकामी होती."

हे ऐकल्यावर भुजंगरावांना हसूच आलं. केबिनच्या काचेपासून सुब्बरावच्या टेबलापर्यंत अकरा पावलं होती. ती त्यांनी कधी मोजली होती कोण जाणे, पण अकराच होती. प्रश्नाला पाच सेकंद लागली असती आणि उत्तराला तीन. त्या तीन वर्षांत चिंचेच्या झाडाखाली त्यांनी मिळून जवळजवळ हजार डबे खाल्ले होते, आणि प्रत्येक डब्याच्या वेळी प्रश्न एकाच्या खिशात होता आणि उत्तर दुसऱ्याच्या. वाईट गोष्ट ही की ते डबे अजूनही त्यांना सुखाचेच आठवत होते. मन काही केल्या ते सुख परत करायला तयार नव्हतं.

"ती इथंच राहते," सुब्बराव म्हणाला. "मागच्या गल्लीत. दुधाच्या बूथवर रोज भेटते. नमस्कार सार म्हणते. मी मान खाली घालून पाकीट घेतो आणि येतो."

ते दोघे गेले. चालताना भुजंगरावांच्या मनात वाक्यं जुळत होती आणि मोडत होती, सगळी टिप्पणीच्या भाषेत, विषयांकित प्रकरणी असा प्रारंभ असलेली. घर लहान आणि नीटनेटकं होतं, दारात रांगोळी, खिडकीत मोगरा. कमलाक्षीचे केस पांढरे झाले होते, पण पोपटी रंगाची हौस तशीच होती. तिने सुब्बरावला ओळखलंच, आणि क्षणभर बघून भुजंगरावांनाही. "अय्यो, खुर्चीवाले सार," ती कन्नडात म्हणाली आणि लगबगीने आतून दोन खुर्च्या आणल्या. सुब्बराव बसला. भुजंगरावांना बसवेना. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. फाइल, शेरा, डबा, अकरा पावलं. टिप्पणीची भाषा एकदाही मदतीला आली नाही. कमलाक्षी पदराला हात पुसत ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग कुठे येतो हे ते बघत होते. आला असता तर बरं वाटलं असतं.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "होय, तेवढी झाली. मुलगी माझ्या आईला अम्मा म्हणायला लागली आणि मला कोळ्ळेगालची अम्मा. अजून चिडवायला म्हणते. आता स्वतःला दोन आहेत तिला." ती थोडी हसली. "तेव्हा हसू यायचं नाही. शनिवारी रात्री पोचायची मी, तर ती आईच्या पाठीमागे लपायची. रविवारी दुपारपर्यंत ओळख व्हायची, आणि चारची बस असायची."

भुजंगरावांनी विचारलं, "तुम्ही परत का आला नाहीत विचारायला? मला, वरच्या साहेबांना, कुणाला तरी?"

तिने त्यांच्याकडे जरा आश्चर्याने बघितलं. "तुम्ही खुर्ची दिलीत ना, सार. कॉफी दिलीत. कुठल्याच ऑफिसात मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, काम झालंच. इतक्या चांगल्या माणसाला पुन्हा पुन्हा काय विचारायचं, म्हणून नाही आले. तुम्ही त्या दिवशी ओरडला असतात, तर मी रडत वरच्या साहेबांकडे गेले असते." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती वळली. "बसा तरी. कॉफी टाकते."

ती आत गेली. आतून डिकॉक्शनचा वास आला, भांड्याचा आवाज आला. भुजंगराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांना लाज वाटत होती, उघड, साधी, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर वाटते तशी. आणि तिच्या जोडीला एक विचित्र हलकेपणाही होता. वीस वर्षं ज्या गोष्टीवर आपण जगलो ती गोष्ट कुणीतरी पुरी केली होती. गोष्टीतली खुर्ची खरी होती, कॉफी खरी होती, बाईंच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. फक्त ती जिथे संपते असं ते सांगत, तिथे ती संपत नव्हती. कमलाक्षी तीन पेले घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या हे मी तिथं सांगू का, अम्मा? पाच राज्यांची माणसं आहेत. तुमचं नाव त्यांनी काळ्या पट्टीनं झाकलंय."

"सांगा की," ती म्हणाली. "नावसुद्धा सांगा. मी कशाला लपायचं? मी अर्ज केला होता." मग म्हणाली, "साखर कमी आहे का?" साखर बरोबर होती. ते बसले आणि कॉफी प्यायले.

सकाळी हॉलमध्ये ते पहिल्या रांगेत बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, वही मांडीवर ठेवून. वनजाबाईंना त्यांनी रात्री जेवताना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं आणि म्हटलं, "म्हणजे आता पाहुण्यांसमोर दुसरी गोष्ट लागणार," आणि मग, ताटात आमटी वाढताना, जरा वेळाने, "सांगा तुम्ही. बरं दिसेल." शिवप्रसादने माइकवर त्यांची ओळख करून दिली, आदराने, जरा लांबवून. भुजंगराव उठले. पाच राज्यांचे चाळीस चेहरे समोर होते आणि त्यांना आश्चर्य वाटलं की भीती वाटत नाही. त्यांनी वही खुर्चीवरच ठेवली. कालची ती फाइल पुन्हा पडद्यावर लावता का, असं त्यांनी जयवंतीला विचारलं. लावली गेली. नाग पुन्हा भिंतीवर पसरला.

"ही सही माझी," भुजंगराव इंग्रजीत म्हणाले. "आणि त्या काळ्या पट्टीखाली कमलाक्षी असं नाव आहे. त्यांनी मला ते सांगायला परवानगी दिली आहे." मग त्यांनी डबा सांगितला, करार सांगितला, अकरा पावलं सांगितली. केबिनच्या काचेचं सांगताना केरळचा एक अधिकारी मोठ्याने हसला आणि लगेच गप्प झाला, त्याच्याही ऑफिसात काच असावी. खुर्चीचं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. शिवप्रसाद टेबलावरच्या पेनाकडे बघत होता. त्याला आपण तोंडघशी पाडलं हे भुजंगरावांना कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. "मी या शब्दाच्या बाजूनं बोलायला आलो होतो," ते शेवटी म्हणाले. "तो शब्द मला अजून आवडतो. पण त्याच्यामागे आम्ही दोन चांगली माणसं तीन वर्षं लपून बसलो, आणि आम्हाला ते कळलंसुद्धा नाही. वाईट माणसं असती तर कुणीतरी पकडली असती." एवढं बोलून ते बसले. टाळ्यांचं वाक्य राहूनच गेलं.

गोव्याच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांतला वयस्क म्हणाला की त्यांच्या सरकारची कलमाला संमती आहे. तामिळनाडूने अर्धा तास मागून घेतला आणि वीस मिनिटांत होकार दिला. शिवप्रसादने बंगळूरला फोन लावला. बराच वेळ बाहेर उभा राहून बोलत होता. आत आल्यावर तो भुजंगरावांच्या खुर्चीजवळ थांबला. "सार, आधी एक शब्द सांगितला असतात मला," तो हळूच म्हणाला. "सांगायला हवं होतं," भुजंगराव म्हणाले, आणि हे बोलताना त्यांना पुन्हा तेच जाणवलं, की हेही त्यांनी बोलायचं ठेवूनच दिलं होतं. शिवप्रसादने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकजवळ जाऊन कर्नाटकची संमती सांगितली. जयवंतीने विचारलं, कलमात आणखी काही घालायचं का. भुजंगराव म्हणाले, "जो विचारायला येईल त्याला उत्तराची तारीख लिहून द्या. खुर्ची त्यानंतर." तिने ते लिहून घेतलं, खुर्ची वगळून.

बाहेर हिरवळीच्या कडेला, पारिजातकाखालच्या सिमेंटच्या बाकावर सुब्बराव बसला होता. काल निघताना तो म्हणाला होता की उद्या डबा आणतो, आणि त्याने तो जुनाच डबा आणला होता, चार खणांचा, कडीला सुतळी बांधलेला. आत संस्थेचं जेवण चालू होतं, पनीर वगैरे. भुजंगराव कुणाला न सांगता बाहेर आले. सुब्बरावने चपात्या काढल्या, चटणीपुडीवर तेल सोडलं. नेहमीप्रमाणे आधी गुडघ्यांचं झालं, मग सुनेचं झालं. मग तो थांबला, मोसरन्नाचा खण हातात तसाच धरून, आणि मराठीत म्हणाला, "मत्ते? काय झालं आपल्या फाइलचं?"

भुजंगरावांनी खिशातून झेरॉक्स काढली आणि बाकावर, डब्याच्या झाकणाशेजारी पसरली. सांगायला लागले. सुब्बराव जेवत ऐकत होता, मध्ये मध्ये 'हूं' म्हणत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने बोटं चाटली, धोतराच्या टोकाला पुसली आणि कागद जवळ ओढला. नागाच्या खाली समास कोरा होता. "इथं माझी जागा रिकामीच राहिली की," तो म्हणाला. त्याने भुजंगरावांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, चष्मा नीट केला, आणि केस वर्करच्या त्या लहान, सरळ, शेपूट नसलेल्या अक्षरात कन्नडात लिहिलं, चर्चा झाली. खाली आजची तारीख घातली, सही केली, आणि कागद वरिष्ठांच्या सहीसाठी पुढे सरकवला.

"बसूनच दिलीस रे," भुजंगराव म्हणाले.

"सही कर आणि जेव," सुब्बराव म्हणाला. "चपाती गार होते."